सांगून येणारं भूत

चंद्रप्रभा इंगवलेला भुताचे सिनेमे मनापासून आवडायचे, आणि फरीदाबादच्या मराठी मंडळात तिने हे कुणाला कधी कळू दिलं नव्हतं. हळदीकुंकवाला बायका जमल्या की सासू-सुनांच्या मालिकांवर बोलायच्या. ही मान डोलवायची, आणि मनातल्या मनात मालिकेतल्या सासूच्या पाठीमागे एक पांढरी आकृती उभी करून बघायची. मग मालिका जरा बरी वाटायची.

ही आवड अमरावतीची. मोठ्या बहिणीबरोबर टॉकीजच्या लेडीजमध्ये, बायकांसाठी राखून ठेवलेल्या रांगांत बसून ती असले सिनेमे बघायची, किंचाळायची, बहिणीच्या दंडात नखं रुतवायची, आणि बाहेर उन्हात आल्याबरोबर पुन्हा कधी यायचं ते विचारायची. लग्न होऊन फरीदाबादला आली तेव्हा तिला वाटलं, हे आता संपलं. बळवंतराव सांगलीकडचे, मेकॅनिकलचा डिप्लोमा केलेले, ट्रॅक्टरचे सुटे भाग घडवणाऱ्या एका कारखान्यात सुपरवायझर. माणूस चांगला, पण बोलणं मोजकं. पहिले काही महिने "भाजीत मीठ बरोबर आहे ना?" आणि "हो" एवढ्यावर संसार चालला.

मग एका रविवारी ते तिला सिनेमाला घेऊन गेले. ठरवलेला सिनेमा हाऊसफुल्ल होता, म्हणून पलीकडच्या टॉकीजमधला भुताचा बघितला. चंद्रप्रभा सवयीप्रमाणे किंचाळली आणि तिने नव्या नवऱ्याच्या दंडात नखं रुतवली. परतताना सायकलरिक्षात बळवंतराव आधी दंड चोळत बसले. मग म्हणाले, "त्या भुताच्या पायात प्लास्टिकची चप्पल होती. बघितलीस?"

ती इतकी हसली की रिक्षावाल्याने मागे वळून पाहिलं. त्या दिवसापासून त्यांच्यात बोलायला विषय झाला. पुढे भाड्याचा व्हीसीआर आला, मुलगा सुजय झाला, नव्वदनंतर केबल आली, सेक्टरमध्ये स्वतःचं घर झालं, आणि दर आठवड्याला एक तरी भूत त्या घरात येत राहिलं. ती घाबरायची आणि ते चुका काढायचे. दुसरी जोडपी जे फिरायला जाऊन किंवा भांडून करतात ते ही दोघं अशी करत होती.

दोन हजार तीनच्या उन्हाळ्यात कारखान्यात ती गोष्ट घडली. खरं तर घडली असंही कुणी म्हणत नव्हतं. ज्या पोलादी साच्यावर अवजड यांत्रिक हॅमर आदळतो त्या साच्याला चीर गेली होती, ती कुणाच्या लक्षात आली नाही, आणि हॅमर पडताच साच्याचा मुठीएवढा तुकडा उडाला. बळवंतराव राजीव नावाच्या फिटरशी बोलत उभे होते. तुकडा दोघांच्या मधून गेला आणि मागच्या भिंतीत रुतला. कुणाला ओरखडासुद्धा उठला नाही. राजीवने दुसऱ्या दिवशी लाडू वाटले. बळवंतरावांनी घरी येऊन सांगितलं, "आज जरा गंमत झाली," आणि जेवून झोपले.

चार दिवसांनी कुकरची शिट्टी झाली आणि त्यांच्या हातातला चहाचा कप उडून भिंतीवर फुटला.

पहिल्यांदा सगळे हसले. नंतर हसू येईनासं झालं. दाराची बेल, मिक्सर, जनरेटरचा पहिला धक्का, शेजारच्या हेमलताभाभींच्या गच्चीवरून कुणी बादली आपटली तरी बळवंतराव जागेवरून उठायचे, भिंतीला पाठ लावायचे आणि त्यांच्या कपाळावर घाम यायचा. गाडी चालवणं त्यांनी सोडलं. मारुतीवर कव्हर चढलं ते उतरलं नाही. विचारलं की म्हणायचे, "मला काय झालंय? काहीच नाही झालं." हे खरंच होतं, आणि तीच पंचाईत होती. हात तुटला असता तर लोकांनी विचारपूस केली असती. काहीच न झालेल्या माणसाला काय विचारणार?

सुजय गुडगावच्या कॉल सेंटरमध्ये होता. तो त्यांना डॉक्टरकडे घेऊन गेला. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, हळूहळू बरं वाटेल म्हणाले. गोळ्यांनी बळवंतराव जेवताना पेंगायला लागले. महिन्याभरात त्यांनी गोळ्या बंद केल्या आणि ते सांगितलंही नाही.

सिनेमे तर बंदच झाले. टीव्हीवर नुसतं तसलं संगीत सुरू झालं तरी ते उठून आत जायचे. चंद्रप्रभा एकटी बघायला बसायची, पण तिचं चित्त लागेना. किंचाळावं तर शेजारी कुणी नाही, आणि किंचाळली तर आतल्या खोलीत ते दचकणार. ती पदर तोंडात धरून बसायची. पाच मिनिटांनी उठायची, गॅस बंद आहे का बघायची, पुन्हा बसायची. घरात तीन खोल्या, आणि त्यांतल्या एकीतही तिला स्वस्थ बसता येईना.

एकदा अशीच तिची एक सीडी दुपारी बघून झाली होती. संध्याकाळी बळवंतराव कारखान्यातून आले, चहा घेतला, आणि बंद टीव्हीकडे बघत म्हणाले, "कसा होता?"

"बरा होता. शेवट ओढूनताणून."

"भूत कसं होतं?"

"म्हातारी. केस मोकळे."

"म्हातारीच असते," ते म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात असं काही होतं की ती त्यांच्याजवळ जाऊन बसली.

"बघायचाय का? मला सगळा पाठ आहे. कुठे काय होतं ते मी आधी सांगेन."

त्यांनी नको म्हटलं नाही. तिने सीडी लावली.

पहिला प्रयोग साफ फसला. म्हातारी येणार त्याच्या क्षणभर आधी चंद्रप्रभा ओरडली, "आता!" आणि बळवंतराव म्हातारीला नाही, तिच्या 'आता'ला दचकले. दुसऱ्या वेळी तिने तोंडाने न सांगता त्यांचा हात दाबला, तर ते त्या दाबण्याला उडाले.

"अगं, तूच भूत झालीस," ते धापा टाकत म्हणाले. आणि मग, कितीतरी महिन्यांनी, दोघं हसली.

तिसऱ्या वेळी तिने सीडी थांबवली. पडद्यावर एक बाई कपाटापुढे उभी होती. चंद्रप्रभाने शेजारणीची बातमी सांगावी तसं सावकाश सांगितलं, "हे बघा. आता ती कपाट उघडते. आत काही नाही. आपल्याला वाटतं, सुटली. ती दार लावते, आणि दाराच्या मागे म्हातारी उभी असते. तेव्हा मोठ्ठा आवाज होतो."

"किती मोठा?"

"पत्र्यावर हंडा पडल्यासारखा."

बळवंतरावांनी रिमोट हातात घेतला. आवाज थोडा कमी केला, अगदी बंद नाही केला. गुडघ्यावर हात घट्ट धरला आणि म्हणाले, "लाव."

कपाट उघडलं. बंद झालं. म्हातारी आली. पत्र्यावर हंडा पडला. त्यांचे खांदे वर गेले, आणि खाली आले. ते बसूनच राहिले होते.

"ओढणीला इस्त्री आहे बघ तिच्या," ते म्हणाले. "मरून इतकी वर्षं झाली, आणि कडक इस्त्री."

चंद्रप्रभाने स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसले आणि कांदा चिरायला घेतला, म्हणजे विचारलं तर सांगता यावं.

तेव्हापासून तोच क्रम पडला. मार्केटातल्या हरीशच्या दुकानातून ती सीडी आणायची. हरीशला वाटायचं, मुलासाठी नेतात. "भाभीजी, ये वाली बहुत डरावनी है," तो प्रत्येक सीडीबद्दल सांगायचा, त्यामुळे त्याचा काही उपयोग नव्हता. दुपारी ती एकटी बघायची आणि संध्याकाळी बळवंतरावांना बरोबर घेऊन. जिथे धोका असेल तिथे थांबवायची, सांगायची, पुढे न्यायची. हळूहळू थांबवायचीही गरज उरली नाही. "पुढच्या वळणावर मांजर आहे, नुसतं मांजर," एवढं पुरायचं. बळवंतरावांनी यंत्रावरच्या माणसाच्या नजरेने आणखी एक गोष्ट हेरली. दचकवायच्या आधी संगीत बंद पडतं. "शांत झालं की समजायचं," ते म्हणाले. "आवाजापेक्षा ती शांतताच वाईट."

सिनेमात जमलं म्हणून मग घरात सुरू झालं. "मिक्सर लावतेय हं." "शिट्टी होईल आता." "दूधवाल्याची वेळ झाली, बेल वाजेल." चंद्रप्रभाला वाटलं होतं, थोडे दिवस करावं लागेल. पण तिने सांगितलं की बळवंतराव ठीक असायचे आणि नाही सांगितलं की नसायचे, त्यामुळे सोडायचं कधी हेच कळेना. सुजय रात्रपाळी करून सकाळी यायचा आणि झोपेत ते ऐकायचा. एक दिवस वैतागून म्हणाला, "आई, यार, हे काय चाललंय? घर आहे की रेल्वे स्टेशन? सारखी अनाउन्समेंट!"

"तुझ्या बाबांना बरं वाटतं त्याने."

"आणि तुला?"

दार हळू लाव, एवढंच ती म्हणाली.

तिला काय वाटत होतं हे तिचं तिलाच नीट सांगता आलं नसतं. तिचे कान सतत उभे असायचे. हेमलताभाभी गच्चीवर गेल्या की ही खाली सावध. गल्लीच्या टोकाला ट्रॅक्टर वळला की तिला आधी ऐकू यायचा. भाभींनी एकदा गप्पा मारायला बोलावलं, तर ही अर्ध्या वाक्यावर उठून दाराशी गेली, कारण लांब कुठेतरी ढोल वाजत होता. झोपतानाही ती अशी झोपायची की जणू कुणीतरी हाक मारणार आहे. आणि सिनेमे? दुपारी ती तांदूळ निवडायला बसल्यासारखी बसायची. खडा दिसला की टिपायचा, लक्षात ठेवायचा, पुढे. सिनेमा संपला की सगळे खडे तिला पाठ असायचे आणि गोष्ट विचारली तर आठवायची नाही. एके दिवशी पडद्यावर एका बाईचा हात छतातून खाली आला, आणि चंद्रप्रभाच्या मनात आलं ते इतकंच: हे झोपाळ्याच्या गाण्यानंतर लगेच आहे, विसरता कामा नये. ती घाबरली नव्हती. आपण शेवटचं कधी घाबरलो, हे ती आठवत बसली आणि उगाच पायाच्या अंगठ्याने चटई उकरत राहिली.

डिसेंबरात लग्नं सुरू झाली. त्यांच्या घरासमोरच्या मैदानात मांडव पडायचे. कुठल्या दिवशी कुठली वरात हे चंद्रप्रभा आधीच विचारून ठेवायची, वरात आली की खिडक्या लावून रेडिओ मोठा करायची. पण एका संध्याकाळी ती मटार आणायला मार्केटात गेली होती आणि वरात लवकर आली. ती परत येईपर्यंत फटाक्यांची माळ लावून झाली होती. रस्ताभर लाल कागद पसरला होता आणि धूर अजून खाली बसला नव्हता. ती धावत घरात आली. बाहेरच्या खोलीत कुणी नव्हतं. न्हाणीघराचं दार आतून लावलेलं, नळ जोरात सोडलेला.

"अहो, मी आलेय. दार उघडा."

बऱ्याच वेळाने दार उघडलं. बळवंतरावांचा शर्ट खांद्यापर्यंत भिजला होता.

"कुठे गेली होतीस?" ते म्हणाले.

"मटार आणायला."

"मटार! आज वरात आहे हे तुला माहीत होतं. सांगून जायला काय झालं होतं?"

चंद्रप्रभाच्या हातात पिशवी तशीच होती. ती तिने खाली ठेवली नाही, आपटली. मटाराच्या शेंगा जमिनीवर पसरल्या. "माहीत होतं! मलाच सगळं माहीत असायला हवं! कुकर केव्हा वाजेल, बेल केव्हा वाजेल, कोण केव्हा दार आपटेल! मी काय तुमच्या कारखान्याचा भोंगा आहे?"

पिशवी आपटली तेव्हा ते भिंतीकडे सरकले होते. तिला ते दिसलं आणि तरी ती थांबली नाही. "रात्रीसुद्धा कान देऊन पडते मी. माझं काय झालंय ते कुणी बघितलंय? तुम्हाला काही झालं नाही म्हणता ना? मग हे काय आहे?"

ते खाली वाकून शेंगा गोळा करायला लागले. एकेक शेंग त्यांच्या हातातून निसटत होती. तिलाही वाकावं लागलं. शेंगा भरून झाल्या तरी कुणी कुणाकडे बघितलं नाही.

पुढचा आठवडा दोघं एकमेकांशी पाहुण्यांसारखी वागली. ती शिट्टीची सूचना द्यायची, पण नुसतं "शिट्टी" म्हणायची. सीडी आणायला ती गेलीच नाही. शनिवारी सुट्टी होती, बळवंतराव सकाळी तयार होऊन म्हणाले, "करोल बागला जाऊन येतो. गाडीची क्लच केबल बदलायला हवी."

तिच्या मनात एकदम काहीतरी उजळलं. गाडीचं बघतायत, म्हणजे गाडी चालवायचं मनात आहे. तिने विचारलं, "मी येऊ? त्या गर्दीत हॉर्न फार असतात."

"नको. जाईन मी."

ते निघून गेल्यावर तिने दोनदा ओटा पुसला, गच्चीवर जाऊन गल्लीकडे पाहिलं, खाली आली, पुन्हा वर गेली. दुपारी ते आले ते रिकाम्या हाताने. केबल मिळाली नाही म्हणाले. थंडीचे दिवस, आणि त्यांची कॉलर घामाने ओली होती. तिला वाटलं, बाजारात काहीतरी झालं असणार. मी जायला हवं होतं. पण भांडणाचा सल अजून होता, म्हणून तिने विचारलं नाही. गाडीवरचं कव्हर तसंच राहिलं, आणि तिला आतून फार निराश वाटलं.

दोन दिवसांनी सुजयने दोन तिकिटं आणून टेबलावर ठेवली. गुडगावच्या नव्या मॉलमधल्या सिनेमाची, ऑफिसातून मिळालेली. सिनेमा भुताचा.

"हे काय आणलंस?" चंद्रप्रभा म्हणाली. "हा नवा आहे. मी पाहिलेला नाही. हरीशकडे अजून आला नाहीय. आणि तिथला आवाज! चारी भिंतींतून येतो म्हणे. नको बाबा, दे कुणाला तरी."

"जाऊ या," बळवंतराव म्हणाले.

दोघांनी त्यांच्याकडे पाहिलं. ते पेपर वाचत होते.

"अहो, मला काही सांगता येणार नाही. मला काहीच माहीत नाही त्यातलं."

"माहीत आहे मला. जाऊ या."

दुपारच्या खेळाला दोघं टॅक्सीने निघाली. पाली नावाच्या गावाजवळचा डोंगर ओलांडून रस्ता गुडगावकडे उतरतो. दोन्ही बाजूंना नव्या इमारतींचे सांगाडे, क्रेन आणि विटांचे ढीग. वाटभर चंद्रप्रभा पुढच्या काचेतून रस्त्यावर डोळे लावून होती. "डंपर येतोय, हॉर्न देईल हं." "हा ओव्हरटेक करणार." मॉलमध्ये ती सरकत्या जिन्यापाशी अडखळली, तिकीट दाखवताना पर्स दोनदा उघडली, आत गेल्यावर बाहेर जायची दारं कुठे आहेत ते आधी बघितलं आणि खुर्चीच्या अगदी कडेला बसली.

सिनेमा सुरू झाला. डोंगरातल्या एका गावातलं टेलिफोन एक्स्चेंज, तिथे रात्रपाळीला एकटी बसणारी बाई, आणि बंद पडलेल्या एका बंगल्यातून तिला येणारे फोन. चंद्रप्रभा पडद्याकडे कमी आणि नवऱ्याकडे जास्त बघत होती. संगीत थांबलं. ती ताठ झाली. तिला वाटलं, आता उठून यांना बाहेर न्यावं. इतक्यात चारी भिंतींतून टेलिफोनची घंटा अशी वाजली की अख्खं थिएटर हललं, आणि चंद्रप्रभा किंचाळली. खरीखुरी, अमरावतीच्या लेडीजमधली किंकाळी. तिची नखं नवऱ्याच्या दंडात रुतली.

बळवंतराव बसलेले होते. नुसते बसलेले नव्हते, हसत होते.

ती काही विचारणार तोच पुढचं सुरू झालं. पुन्हा शांतता झाली तेव्हा तिच्या लक्षात आलं की ते पडद्याकडे बघतच नाहीयेत. ते तिच्याकडे बघतायत. आणि तेव्हाच बाईच्या खुर्चीमागच्या काचेवर कुणीतरी तळवा आपटला आणि ती पुन्हा किंचाळली. तिसऱ्या वेळी तिने त्यांच्याकडे बघायचं सोडून दिलं. तिला त्या बाईचं पुढे काय होतं ते हवं होतं.

इंटरव्हलचे दिवे लागले. चंद्रप्रभाचं काळीज अजून धडधडत होतं. ती म्हणाली, "तुम्ही हा बघितलाय."

"अर्धा."

"अर्धा म्हणजे?"

"शनिवारी. करोल बागला नव्हतो गेलो. सुजयकडून कळलं होतं तिकिटं मिळणार आहेत. इथे आलो. सकाळच्या खेळाला." ते पॉपकॉर्नच्या पुड्यात बघत बोलत होते. "घंटा वाजली तेव्हा पळालो बाहेर. बाकावर बसलो. पुन्हा आत आलो. त्या तळव्याला पुन्हा पळालो. दारावरचा मुलगा विचारायला लागला, अंकल, तबीयत ठीक है ना? इंटरव्हलपर्यंत कसाबसा पोचलो. पुढे धीर झाला नाही."

"पण का? कशासाठी एवढं?"

"तू घाबरायचीच थांबली होतीस," ते म्हणाले. "माझ्या शेजारी बसून तू नुसती पहारा द्यायचीस. म्हटलं, एकदा मला ठाऊक असावं आणि तुला नसावं."

चंद्रप्रभाने त्यांच्या दंडावर नखं रुतवली होती तिथे नुसता अंगठा फिरवला. मग तिला पुढचं सुचलं. "म्हणजे आता पुढचं तुम्हालाही माहीत नाही."

"नाही."

"चला, जाऊ या घरी. पुरे झालं."

"बस," ते म्हणाले. "बघू या जमतं का."

जमलं नाही. दुसऱ्या भागाच्या सुरुवातीलाच बंगल्याचं दार फुटलं, बळवंतराव उभे राहिले आणि पॉपकॉर्न पुढच्या रांगेवर उडाले. "अंकल, बैठ जाओ ना," मागून कुणीतरी ओरडलं. ते बसले. घाम त्यांच्या हनुवटीवरून गळत होता. चंद्रप्रभाने पर्स उचलली, पण त्यांनी तिच्या खांद्यावर हात ठेवून तिला खाली बसवलं.

"मी बाहेर बसतो," ते तिच्या कानाशी म्हणाले. "तू बघ. माझ्यासाठी नको. तुझ्यासाठी बघ."

ते वाकून, लोकांच्या गुडघ्यांना चुकवत गेले. दार उघडलं, उजेडाची पट्टी आत आली, दार मिटलं. ती अर्धी उठलेली होती. कितीतरी वेळ तिचा एक पाय रांगेबाहेरच्या वाटेकडेच होता. जावं, की बसावं? बाहेर त्यांना काही झालं तर? बाहेर जाऊन तरी ती काय करणार होती, आता फुगा फुटेल, आता कुणी ट्रे पाडेल, एवढंच सांगणार ना? रिकाम्या खुर्चीवर तिने पर्स ठेवली, पुन्हा उचलली. पडद्यावर ती बाई हातात टॉर्च घेऊन एकटीच बंगल्याचा जिना चढायला लागली होती. चंद्रप्रभाचा पाय हळूच आत आला.

त्यानंतर ती सिनेमाच बघत होती. शेजारी कॉलेजातली एक अनोळखी मुलगी होती. एका ठिकाणी दोघी एकदमच ओरडल्या आणि मुलीने हिचा हात पकडला तो शेवटपर्यंत सोडला नाही. "सॉरी आंटी," दिवे लागल्यावर ती म्हणाली. "अरे, बिल्कुल नाही," चंद्रप्रभा म्हणाली, आणि मराठीत बोललो हे तिच्या नंतर लक्षात आलं.

बळवंतराव दाराबाहेरच्या बाकावर होते. हातात चहाचा कागदी कप, चेहरा पांढराफटक, पण नजर ठिकाणावर.

"मध्ये एकदा तू फार ओरडलीस," ते म्हणाले.

"जिन्यावर. पण ती मीच, हे तुम्हाला काय माहीत?"

"जिना की काय ते नाही माहीत. किंकाळी तुझी होती. इतक्या लोकांतून ओळखली."

टॅक्सीत बसल्यावर बराच वेळ ते बाहेर बघत होते. सांगाडे मागे पडले, डोंगर सुरू झाला. मग ते म्हणाले, "प्रभा, मी हॅमरच्या शेडमध्ये जात नाही. उन्हाळ्यापासून. स्टोअरमध्ये बसतो, काहीतरी कारण काढतो. राजीव सांभाळून घेतो. उद्या साहेबांना सांगून टाकणार आहे की मला तिथे उभं राहवत नाही. डिझाइनला टाका म्हणेन. नाही म्हणाले तर बघू."

"साहेब विचारतील, काय झालं."

"झालं की. माझ्या कानाशेजारून लोखंड गेलं." त्यांनी हाताने अंतर दाखवलं, वीतभरसुद्धा नाही. हात तसाच राहिला. "इथून गेलं. मी मेलो असतो."

हे वाक्य ते पहिल्यांदा बोलत होते. चंद्रप्रभाने त्यांचा तो हात खाली घेतला आणि आपल्या मांडीवर धरून ठेवला. पुन्हा डॉक्टरांकडे जाऊ, ती म्हणाली, ते हो म्हणाले. त्यांनी कसला वाद घातला नाही, इतके ते दमले होते.

थोड्या वेळाने त्यांनीच विचारलं, "मग? फोन कोण करत होतं?"

"सांगू? सगळं?"

"सांग. आणि ती बाई रात्रपाळीला एवढी लिपस्टिक लावून कशाला जायची तेही सांग."

चंद्रप्रभा सीटवर सरसावून बसली आणि सांगायला लागली. बंगल्याचं दार फुटतं तिथपासून. पुढे वळणावर एक ट्रक आडवा येत होता, त्याचे दिवे तिला दिसले, पण ती गोष्टीतल्या जिन्यापाशी पोचली होती आणि तिचं लक्ष नव्हतं. ट्रकने हॉर्न दिला. बळवंतराव दचकले, त्यांचं डोकं काचेवर आपटलं. ती थबकली, आणि तिचा हात त्यांच्या कपाळाकडे गेला.

त्यांनी डोकं चोळलं. श्वास जागेवर यायला वेळ लागला.

"हं," ते म्हणाले. "जिन्यावर काय होतं?"